चेहऱ्याची नस

तिच्या पायाला भिंगरी लागलेली आहे, हे अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. भूल देणारे डॉक्टर कसे असतात? पेशंटला झोपवलं की स्टुलावर बूड टेकतात, स्क्रीनवरच्या रेषांकडे बघत राहतात, आणि सर्जनने काही विचारलं तरच मान वर करतात. हिला ते सात जन्मांत जमलं नसतं. नळी बघ, पंप बघ, पेशंटच्या पापणीवरची पट्टी दाबून बघ, पुन्हा नळी बघ. थिएटरमधल्या सिस्टरांनी तिचं नाव 'भिंगरी' ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की एकदा ड्यूटीच्या फळ्यावरही कुणीतरी तेच लिहून गेलं. तिने वाचलं, हसली आणि तसंच राहू दिलं.

मनातून मात्र तिला ते लागायचं. शांत डॉक्टरवर लोकांचा विश्वास बसतो. चुळबुळ करणारा डॉक्टर म्हणजे लोकांना वाटतं, याचं काहीतरी बिनसलंय. आणि खरं सांगायचं तर बिनसलेलं काही नसतानाही आता काहीतरी बिनसेल असंच हिला वाटत राहायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती पेशंटला भेटायला वॉर्डात गेली. पेशंट म्हणजे बस स्थानकाच्या तिकीट खिडकीवर बसणारी एक ठसठशीत बाई. डाव्या कानात वर्षभर आवाज येत होता, मग त्या कानाने ऐकू येईनासं झालं, मग चालताना झोक जायला लागला. तपासणीत कानामागे, मेंदूला खेटून, लिंबाएवढी गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे, पण काढायलाच हवी अशी. त्या गाठीच्या अंगावरूनच चेहऱ्याची नस जात होती. ओठ, गाल, पापणी, सगळं हलवणारी.

भिंगरीने नेहमीचे प्रश्न विचारले. दात हलतात का, दमा आहे का, आधी कधी भूल घेतली होती का. तिकीटवालीने खिडकीवरच्याच तोऱ्यात पटापट उत्तरं दिली आणि म्हणाली, "झालं तुमचं? आता माझं एकच. तोंड वाकडं होईल का?"

"होऊ शकतं," भिंगरी म्हणाली. "होऊ नये म्हणून आम्ही सगळं करतो. आणि तोंड थोडं इकडेतिकडे झालं तरी..."

"अहो, सुंदर दिसायचं वय गेलं माझं. ते नाही म्हणत मी." तिने पलंगाच्या पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना ऐकू येत नाही. लहानपणी तापात दोन्ही कान गेले. हे माझ्या ओठांवरून वाचतात. दुसऱ्याचं निम्मंशिम्मं कळतं, माझं सगळं कळतं. पाठ फिरवून पुटपुटले तरी आरशात बघून कळतं, आता बोला!"

नवरा एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा. बोटांच्या टोकांना खळ वाळलेली. तो सपाट, एकसुरी आवाजात, जरा मोठ्याने म्हणाला, "ही फार बोलते. मला सगळं समजतं. हाच त्रास आहे."

तिघंही हसले. मग तिकीटवाली हसायची थांबली.

"आमच्या घरात कान चार, त्यातले दोन चालू होते. आता एकावर आलोय. त्याचं काही नाही. पण तोंड गेलं ना डॉक्टर, तर घर मुकं होईल. ह्यांची आई यांना बोलायला शिकवून गेली. ओठ वाचायला मी शिकवलं. वीस वर्षं लागली. आता ह्या वयात आम्ही कुठे नवीन भाषा शिकायची?"

भिंगरीने बाईच्या हातावर हात ठेवला आणि "उद्या भेटू" म्हणून निघाली. जिना उतरताना आपण स्वतःचेच ओठ चाचपतोय, हे दोन मजले खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं.

आता भूल कोणती द्यायची, हा प्रश्न.

भूल म्हणजे नुसती झोप, असं लोकांना वाटतं. झोप, वेदना बंद आणि अंग ढिलं, अशा तीन वेगळ्या गोष्टी त्यात असतात, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. नेहमीच्या ऑपरेशनला वायूने झोपवतात आणि अंग ढिलं करणारं औषध देतात. पेशंट ओंडक्यासारखा पडून राहतो, सर्जन खूश. पण चेहऱ्याच्या नसेवर पहारा ठेवायचा असेल तर भलतीच पंचाईत. गालात आणि ओठांत बारीक सुया खुपसून त्या एका यंत्राला जोडतात. सर्जनचा चिमटा नसेला लागला की नस स्नायूला हलवते आणि यंत्राच्या स्पीकरवर चटचट आवाज येतो, तापलेल्या भांड्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखा. तो ऐकला की सर्जन हात आखडता घेतो. पण स्नायूच औषधाने ढिले पडले असतील तर नस कितीही ओरडली तरी यंत्र गप्प. वायू जास्त झाला तर डोक्यातून चेहऱ्याकडे जाणारे संदेशही मंदावतात.

म्हणून भिंगरीने ठरवलं होतं: वायू नाही. दुधासारखं पांढरं झोपेचं औषध आणि वेदनेचं औषध, दोन्ही पंपाने शिरेतून. ढिलं करणारं फक्त सुरुवातीला, घशात नळी घालण्यापुरतं, एकदाच. तेही लवकर उतरणारं.

हे तिने थोरल्या सरांना सांगितलं. थोरले सर म्हणजे विभागाचे प्रमुख. भिंगरीला पहिली नळी घालायला त्यांनीच शिकवलं होतं. तिचा हात धरून.

"अगं, डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत आवळलेलं असणार," सर म्हणाले. "मध्येच हलली तर? कातडी फाटेल, मान मोडेल, सर्जनचं हत्यार मेंदूत जाईल. हलला पेशंट की गेला पेशंट, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"झोप पुरेशी खोल ठेवीन सर. हलणार नाही."

"ठेवशील. एक शिंक येईपर्यंत."

"पण मग यंत्र लावायचं कशाला? ढिलं केलं तर ते नुसतं शोभेला."

सरांनी चष्मा काढून पुसला. यंत्रं आली तेव्हा त्यांचे केस पांढरे झालेले होते, आणि यंत्राशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात एकही माणूस टेबलावर हलू दिला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"पेशंट तुझी, निर्णय तुझा," शेवटी ते म्हणाले. "मला काही ते पटत नाही."

भिंगरीने निर्णय घेतला खरा. पण सकाळी औषधं भरताना तिने आणखी एक गोष्ट केली. ढिलं करणाऱ्या औषधाची एक सिरिंज भरली, तिला लाल पट्टी चिकटवली आणि ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली. अगदीच वेळ आली तर असावी, म्हणून. तिच्या निर्णयावर तिचा स्वतःचाच पुरता भरवसा नव्हता. कुणी बघत नाही ना, असं तिने उगाचच वळून पाहिलं.

सुरुवात छान झाली. तिकीटवाली टेबलावर आडवी होताना म्हणाली, "रांगेतला नंबर एकदाचा लागला म्हणायचा," आणि पांढरं औषध शिरेत गेलं तशी वाक्य अर्धं टाकून झोपली. नळी गेली. सुरुवातीचं औषध उतरलं. भिंगरीने मनगटावर विजेचा बारीक धक्का देऊन पाहिलं, अंगठा टुणटुण हलला. स्नायू जागे होते.

यंत्रावर बसणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे 'रेडिओ' म्हणायचे, कारण दिवसभर त्याच्या स्पीकरची खरखर चालायची आणि ती थांबली की तो स्वतः बोलायला लागायचा. त्याने गालातल्या, ओठांतल्या सुया तपासल्या आणि अंगठा वर केला. सर्जन आत आला. हात उत्तम, जीभ तिखट, आणि नाकावर माशी बसू न देणारा.

"आज पेशंट जागी आहे म्हणे," तो म्हणाला.

"झोपलीय. फक्त ढिली नाहीये," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे हलू शकते."

"तुम्ही नीट काम करा, मी नीट झोपवते."

सिस्टरांनी मास्कच्या आड हसून घेतलं.

तास गेले. हाड उघडलं, मेंदूवरचा पडदा उघडला, गाठ दिसली. मधूनमधून स्पीकर चटचटायचा, सर्जन थबकायचा, दुसऱ्या बाजूने जायचा. विजेचा मंद धक्का देणाऱ्या बारीक सळईने गाठीच्या अंगाला स्पर्श करून तो विचारायचा, "इथे?" रेडिओ सांगायचा, "इथे नस आहे" किंवा "इथे काही नाही." काही नाही म्हटलं की तेवढा तुकडा कापायचा. भिंगरीचं चक्र सुरूच होतं. नळी, पंप, पापणी, रक्तदाब. तिची पोटरी दुखायला लागली होती आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तिला केव्हापासून बाथरूमला जायचं होतं.

थोरले सर डोकावले. "जाऊन ये. मी बसतो."

भिंगरीने चार्टवर बोट ठेवलं, दोन्ही पंपांचे आकडे दाखवले, रक्तदाब सांगितला. आणि एक वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं. 'सर, ढिलं करणारं मुळीच देऊ नका.' दुसऱ्या कुणालाही तिने ते दहा वेळा बजावलं असतं. नवशिक्याच्या तर हातातून ट्रेच काढून घेतला असता. पण ज्यांनी आपला हात धरून शिकवलं, त्यांना हे सांगायचं? तेही कालच यावरून घासाघीस झालेली असताना? त्यांना माहीत आहेच की! काल तासभर तेच तर चाललं होतं.

"बघा हं सर," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

बाथरूममधून ती लगेच परतलीही असती. पण थिएटरच्या मोठ्या दाराशी तिकीटवालीचा बाइंडर नवरा उभा होता. नातेवाइकांची नावं स्पीकरवरून पुकारतात, ती त्याला ऐकू येणार नाहीत, म्हणून तो खुर्चीवर न बसता दाराशी उभा राहिला होता. आतून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. आणि येणारा प्रत्येक जण मास्क लावलेला.

भिंगरीला राहवलं नाही. तिने मास्क खाली ओढला आणि सावकाश म्हणाली, "सगळं ठीक चाललंय. नस सापडलीय. सांभाळून काम चालू आहे."

बाइंडरने ते वाचलं. त्याचे खांदे एकदम खाली आले. "तुमचं नीट वाचता येतं," तो म्हणाला. "बाकीचे डॉक्टर दातांतल्या दातांत बोलतात."

मग त्याने विचारलं, अजून किती वेळ. मग विचारलं, तिला आत थंडी तर वाजत नाही ना, तिला थंडी फार वाजते. भिंगरीने सगळ्याची उत्तरं दिली. त्या माणसाशी बोलून तिला कधी नव्हे ते बरं वाटत होतं.

ती आत आली तेव्हा थिएटर शांत होतं.

"बघा मॅडम," रेडिओ खुशीत होता, "तुम्ही गेल्यापासून एक चटका नाही. मघाशी वाटलं तसं अवघड नव्हतं."

"मस्त सुटतेय गाठ," सर्जन मान न वळवता म्हणाला. "दोन मोठे तुकडे गेले. सळईने बघितलं, काही नाही. आता हा पुढचा जाळतो आणि काढतो."

थोरले सर स्टुलावर शांत बसले होते. सगळेच शांत होते. भिंगरीला नेमकं तेच खटकलं. मघापर्यंत जी नस चिमटा जवळ आला तरी ओरडत होती, ती अशी एकाएकी शहाण्यासारखी गप्प कशी बसली? तिने मनगटावरच्या यंत्राचं बटण दाबलं. अंगठा हलला नाही. पुन्हा दाबलं. अंगठा मेल्यासारखा पडून होता. तिने ट्रेकडे पाहिलं. लाल पट्टीची सिरिंज रिकामी होती.

"सर," तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "ढिलं दिलंत?"

"दिलं. बोटं हलली तिची. दाबही चढला होता," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. मग त्यांनी रेडिओच्या स्पीकरकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"थांबा!" भिंगरी ओरडली. "हात लावू नका. यंत्र बहिरं झालंय. सळईने दाखवलेलं काही खरं नाही."

सर्जनचा हात हवेत थांबला. "आत्ता सांगताय?"

"आत्ता कळलं."

"मी सरांकडे बघून काम करतोय, यंत्र शांत आहे, पेशंट शांत आहे..."

"म्हणूनच! थांबा म्हणते ना!"

थिएटरमध्ये इतक्या मोठ्याने ती कधीच बोलली नव्हती. सर्जनने हत्यार खाली ठेवलं. रेडिओने तोंडावर हात ठेवला. बोटं हलली होती तर पांढरं औषध वाढवायचं होतं, झोप खोल करायची होती. पण सरांचा हात चाळीस वर्षं ज्या लाल पट्टीकडे जात आला होता, तिकडेच गेला. आणि ती पट्टी तिथे ठेवली होती भिंगरीने.

"उतारा?" सर्जनने विचारलं.

"या औषधावरचा उतारा आत्ता चालणार नाही. आधी ते आपणहून थोडं उतरावं लागतं. अर्धा तास तरी."

"उघड्या डोक्याने अर्धा तास मी काय भजन करू?"

"करा," भिंगरी म्हणाली.

तो अर्धा तास कसा गेला हे कुणी तिला विचारू नये. मेंदूवर ओला कापूस ठेवून सर्जन हाताची घडी घालून उभा. सर स्टुलावर, मान खाली. भिंगरी दर दोन मिनिटांनी अंगठ्याला धक्का द्यायची. नाही. नाही. नाही. तिने पंप बघितले, नळी बघितली, चार्ट बघितला, पुन्हा पंप बघितले. डोक्यात एकच विचार फिरत होता: ते दोन मोठे तुकडे. त्यांच्या मागे काय होतं?

मग अंगठा किंचित हलला. मग जरा जास्त. तिने झोप खोल केली, रेडिओने सुया तपासल्या, आणि सर्जनने मघाशी जाळायला निघालेल्या त्याच पुढच्या तुकड्यावर सळई टेकवली.

स्पीकर कडाडला.

नस कागदासारखी पातळ होऊन त्याच तुकड्यावर पसरलेली होती. सर्जनने खोल श्वास घेतला आणि इतक्या हळुवार हाताने काम सुरू केलं, की बाकीचे तास तो पुन्हा एकदाही तिखट बोलला नाही.

शेवटी गाठ निघाली. नस सलग होती. सर्जनने नसेच्या मुळाशी सळई लावून पाहिलं. सकाळी नुसत्या स्पर्शाने ओठ हलत होते. आता विजेचा बराच जोर लावावा लागला, तेव्हा कुठे एक दुबळी चटचट आली.

"शाबूत आहे," तो म्हणाला. "दुखावलीय. कधी दुखावली, कोण सांगणार? अशा गाठीत असंही होतं." हातमोजे काढत तो भिंगरीजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नातेवाइकांना नेहमीचं सांगा. सूज आहे, वाट बघू. कालच सह्या झाल्यात त्यांच्या, धोका माहीत आहे त्यांना."

कपडे बदलायच्या खोलीत थोरले सर टोपी हातात घेऊन बाकावर बसले होते. एका दिवसात म्हातारे दिसायला लागले होते.

"हात गेला गं," ते म्हणाले. "डोक्याला विचारलंच नाही त्याने." मग थोड्या वेळाने, "तू जाताना सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगणार सर?"

"मी काय रागावलो असतो?"

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. "हो. रागावला असतात."

सरांनी विचार केला. "हो," ते म्हणाले. "रागावलो असतो. पण दिलं नसतं."

भिंगरीचे डोळे भरून आले. सरांची कीव आली आणि त्यांचा रागही आला, आणि सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःच्या त्या 'बघा हं सर'चा.

तिकीटवाली शुद्धीवर आली. हात हलवले, पाय हलवले, नाव सांगितलं. भिंगरीने तिला म्हटलं, "जरा हसा बघू." उजवा गाल वर गेला. डावा तसाच राहिला. "डोळे मिटा." उजवा मिटला. डावा अर्धा उघडाच.

बाहेर बाइंडर दाराशीच होता. भिंगरीने मास्क खाली केला.

"गाठ पूर्ण निघाली. त्या शुद्धीवर आहेत. हातपाय छान हलतात."

त्याने मान हलवली. "तोंड?"

"डावी बाजू आत्ता हलत नाहीये. नस तुटलेली नाही. काही महिन्यांत सुधारेल असं वाटतं. पण खात्री देता येत नाही."

बाइंडर तिच्या ओठांकडेच बघत राहिला, जणू त्यावर आणखी काही उमटेल. मग म्हणाला, "असं होऊ शकतं, हे काल तुम्ही सांगितलं होतं."

म्हणजे सुटायचं दार त्यानेच उघडून दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी विषय संपला असता. सर्जनने सांगितलं नसतं, सरांनी सांगितलं नसतं, आणि या माणसाला कुठूनही ऐकू येणार नव्हतं.

"अजून एक आहे," भिंगरी म्हणाली. "मध्ये थोडा वेळ ते यंत्र... म्हणजे औषधामुळे जरा..."

"कळलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा सांगा. तुमचे ओठ थरथरतायत."

भिंगरीने हनुवटी हाताने घट्ट धरली, सोडली, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "मी मध्येच बाहेर आले होते. माझ्या जागी दुसरे डॉक्टर बसले. एक औषध देऊ नका, असं त्यांना सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. त्यांनी ते दिलं. ते औषध भरून मीच ठेवलं होतं. त्याने यंत्राला नस ऐकू येईनाशी झाली. नस तेव्हाच दुखावली का, ते कळायला मार्ग नाही. पण दुखावली असेल."

"बाहेर आलात. मला भेटलात, तेव्हा?"

"हो. तेव्हाच."

"तुम्ही म्हणालात, ठीक चाललंय."

"मला तसंच वाटत होतं."

बाइंडरच्या बोटांनी शर्टाची कड धरली, ती पिळली, सोडली. तो ओरडेल, हात उगारेल, निदान रडेल, असं भिंगरीला वाटलं. यातलं काहीही तिने सोसलं असतं. तो म्हणाला, "उजवी बाजू हलते?"

"हलते."

"मग राग नंतर. आधी मला आत जाऊ द्या."

आत पलंगाच्या डाव्या बाजूला एक स्टूल होतं. त्याने ते उचललं, पलंगाला वळसा घालून उजवीकडे ठेवलं आणि बायकोच्या तोंडाशी वाकून बसला. तिकीटवालीने त्याला पाहिलं. ओठांचा एक कोपरा हलला, दुसरा पडून राहिला.

"जेवलात का?" तिने विचारलं. आवाज पुसट होता, तरी दारात उभ्या असलेल्या भिंगरीला स्वच्छ ऐकू आला.

तो आणखी वाकला. "पुन्हा."

"जेवलात का?"

त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. कालपर्यंत ज्या ओठांवरचं काही निसटत नव्हतं, त्यांच्याकडे तो असा बघत होता, जसा कुणी ओळखीच्या घराचा पत्ता शोधावा. "पुन्हा."

"सकाळपासून काही नाही त्यांच्या पोटात," सिस्टर भिंगरीच्या कानाशी कुजबुजली. "चहा दिला तर तोही नको म्हणाले."

"जेवलात का, म्हणते मी," तिकीटवाली होता होईल तेवढं तोंड उघडून म्हणाली. दमून तिचा श्वास लागला होता.

मग त्याने जोरजोरात मान हलवली, आणि त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाला, "हो."

तिकीटवालीचं समाधान झालं. तिने डोळे मिटले, उजवा पूर्ण आणि डावा जेवढा मिटला तेवढा. हा माणूस जेवल्याचं खोटं बोलला की समजल्याचं, ते भिंगरीला कळलं नाही, आणि त्याला विचारायची आता तिची छाती नव्हती.